ऐरोलीच्या खाडीत सहकुटुंब फ्लेमिंगो बघायला जाताना : आधी तिथी, मग रविवार

राणीच्या बागेत बुधवार सोडून कधीही गेलात तरी पेंग्विन जागेवरच असतात. खाडीचं तसं नाही. खाडीतले पक्षी पाण्याच्या वेळेवर चालतात आणि बोटही पाण्याच्या वेळेवरच सुटते. तरीही ठाणे आणि नवी मुंबईतली बहुतेक घरं ही सहल उलट्या बाजूनं ठरवतात. आधी रविवार ठरतो, मग गाडी, मग डबे. भरती किती वाजता आहे हे कोणीच बघत नाही. मग कोणी ओहोटीला पोचतं आणि समोर नुसता चिखल दिसतो. कोणी भर दुपारी पोचतं आणि पोरं उन्हानं मलूल होतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. एप्रिलमधल्या पौर्णिमेच्या रविवारी सासूबाईंना घेऊन गेले होते. पाणी बाराच्या पुढे भरलं, बोट तेव्हाच मिळाली. चिखलाचा सगळा पट्टा पाण्याखाली गेलेला, पक्षी दुसरीकडे उडून गेलेले. सासूबाई घरी येऊन दोन दिवस डोकं धरून होत्या. त्या दिवसानंतर मी क्रम बदलला. तोच क्रम इथे कारणांसकट लिहिते आहे.

हे सगळं ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राच्या सहलीबद्दल आहे. हे केंद्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातली बोटफेरी इथूनच सुटते.

टप्पा १ : महिना ठरवा

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन 'काहीच नव्हतं' म्हणणारे चुकीच्या महिन्यात गेलेले असतात. थवे भरायला वेळ लागतो.

घरात लहान मुलं आणि वयस्क माणसं असतील तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. पक्षी भरपूर असतात आणि सकाळ सोसवते. एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांचा गुलाबी रंग जास्त खुललेला असतो हे खरं, पण उघड्या पाण्यावर ऊन वरून लागतं आणि खालूनही परावर्तित होऊन लागतं. पासष्टीच्या पुढचं माणूस बरोबर असेल तर मी एप्रिलमध्ये नेणार नाही.

टप्पा २ : भरती काढा (सगळ्यात महत्त्वाचा टप्पा)

भिंतीवरचं कालनिर्णय काढा. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पक्ष शुद्ध असो की वद्य, फक्त तिथीचा आकडा घ्यायचा.

दशमी असेल तर १० ची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती आणि रात्री आठच्या आसपास पुन्हा. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात मात्र मुंबईला पाणी बाराच्या आसपास भरतं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. शिवाय मुंबई बंदरातून खाडीत आत ऐरोलीपर्यंत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून येणारी वेळ नेहमी पुढे सरकवून धरा, मागे नाही. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे पाऊण तासानं उशिरा.

आता हे आपल्या कामाचं कसं ते बघा.

बोट चालायला पाणी लागतं. रोहित पक्ष्यांना चरायला चिखल लागतो, तोही उघडा किंवा गुडघाभर पाण्याखालचा. म्हणजे पूर्ण ओहोटीला पक्षी आहेत पण बोट नाही, आणि उधाणाच्या ऐन भरतीला बोट आहे पण चिखल बुडालेला. तेव्हा बरेच पक्षी उठून नेरुळ किंवा भांडुपच्या पाणथळ जागी जाऊन बसतात. आपल्याला मधली वेळ हवी : बोट तरंगेल इतकं पाणी, आणि काठाला चिखलाचा पट्टा अजून शिल्लक. चढत्या पाण्यात हा पट्टा आक्रसत जातो, तसे पक्षी तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांच्या, कडेला गोळा होतात. बघायला तेव्हा सगळ्यात सोपं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी फार वर चढतं. अष्टमी-नवमीनंतर एक-दोन दिवस भांग असते. भांगाच्या भरतीला पाणी कमी चढतं, काठाचा चिखल पुरता बुडत नाही. आता वरचा हिशोब आठवा : दशमी ते द्वादशी या तिथींना भरती सकाळी साडेसात ते नऊ-साडेनऊच्या दरम्यान येते. म्हणजे सकाळचा गारवा, कमी चढलेलं पाणी आणि काठाला थांबलेले पक्षी, तिन्ही एकत्र. माझ्या मते कुटुंबासाठी याच तीन तिथी. दोन्ही पक्ष धरले तर महिन्यातून दोनदा येतात.

या तिथी शनिवार-रविवारी जमत नसतील तर पंचमी-षष्ठीची संध्याकाळ ही दुसरी पसंती. हिशोबानं भरती पावणेचार ते साडेचार, प्रत्यक्षात थोडी पुढे. पण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, बोट जास्त हलते, आणि पश्चिमेकडे बघताना सूर्य डोळ्यांत येतो. पोटातून ढवळण्याची सवय असलेलं कोणी असेल तर सकाळच धरा.

*तपासा :* तिथीवरून दोन-तीन तारखा निवडल्या की मुंबईच्या भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक उघडून नेमकी वेळ पडताळा. भरती रात्री उशिराची निघाली तर तुम्ही बहुधा सकाळच्या जागी रात्रीची वाचली आहे. दिवसात दोन भरत्या असतात.

*सावधान :* कालनिर्णयमध्ये तिथीसमोर ती संपण्याची वेळ दिलेली असते. तिथी सकाळी सातला संपत असेल तर पुढची तिथी धरून हिशोब करा.

टप्पा ३ : कोण येणार ते मोजा

बोटीत स्वच्छतागृह नसतं. फेरी पाऊण-एक तासाची, आणि चढण्या-उतरण्याचा वेळ वेगळा. म्हणून सगळ्यात धाकट्या आणि सगळ्यात थोरल्या माणसाकडे बघून ठरवा.

दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर मी बोटीत नेत नाही. बाळाला काही दिसत नाही, लाइफ जॅकेटमध्ये ते रडतं, आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसालाही मग काही दिसत नाही. अशा वेळी घरातली मोठी माणसं दोन गटांत विभागायची. एक गट बोटीत, दुसरा बाळाला घेऊन केंद्रात, आणि शक्य असेल तर दुसऱ्या फेरीला अदलाबदल. हे बुकिंग करतानाच ठरवायचं असतं, धक्क्यावर नाही. धक्क्यावर ठरलं की शेवटी घरातली सूनच मागे राहते. हे मी फार वेळा बघितलं आहे.

गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी खरी अडचण चढण्या-उतरण्याची. धक्का स्थिर असतो, बोट हलत असते, आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे पायरीची उंचीही बदलते. बुकिंग करतानाच 'एक आजी आहेत, गुडघे दुखतात, कोणती बोट बरी' असं स्पष्ट विचारा. मोठी बोट लहान बोटीपेक्षा कमी डुलते. नुकतंच पाठीचं किंवा सांध्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बाईनं बोटफेरी टाळावी.

टप्पा ४ : बुकिंग

हंगामात शनिवार-रविवारी थेट जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका. टप्पा २ मधून आलेल्या दोन-तीन तारखा हातात ठेवूनच बुकिंग करा, म्हणजे एक भरलेली असली तर लगेच दुसरी सांगता येते. केंद्र रोजच्या भरतीप्रमाणे फेऱ्यांच्या वेळा ठरवतं. त्या दिवशी एकाहून जास्त फेऱ्या असतील तर भरतीच्या आधीची, चढत्या पाण्यातली मागा.

बुकिंग करताना विचारायच्या गोष्टी : फेरीच्या किती वेळ आधी हजर राहायचं, ओळखपत्र लागतं का, लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, आणि फेरी रद्द झाली तर पैसे परत की तारीख बदलून. केंद्राची साप्ताहिक सुट्टीही तेव्हाच विचारून घ्या.

*तपासा :* बुकिंगचा निरोप मोबाइलवर आला की त्याचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पाठवा. सगळं एकाच फोनमध्ये आणि त्याचं चार्जिंग संपलेलं, असं होऊ देऊ नका.

टप्पा ५ : आदल्या रात्रीची तयारी

कपडे. फिके, मातकट, हिरवट, राखाडी. लाल, भगवा, पांढराशुभ्र, पिवळाधमक नको. फोटो चांगले यावेत म्हणून पोरांना लाल टीशर्ट घालणारे पालक दर खेपेला दिसतात. पक्ष्यांना रंग दिसतात आणि हलणारा भडक ठिपका त्यांना लांबूनही सावध करतो. टोपीला गळ्याखालून बांधायची दोरी हवी. वाऱ्यानं उडालेली टोपी खाडीतून परत मिळत नाही. चपला मागून पट्टा असलेल्या, तळ न घसरणारा. साडी नेसणार असाल तर पदर खोचून, पायघोळ नको.

दुर्बीण. एवढ्या एका गोष्टीसाठी शेजाऱ्यांचं दार वाजवा. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. हलत्या बोटीवर ७ किंवा ८ पटीचीच बरी. २० पटीची दुर्बीण आणली की तुमचा हातही २० पट थरथरतो आणि काहीच दिसत नाही.

दुर्बीण लावायला घरीच शिका, बोटीत नाही. गॅलरीतून समोरच्या टाकीवरचा कावळा धरा. आधी दोन्ही नळकांडी जवळ-लांब करून दोन गोलांचा एक गोल करा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. नंतर डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवा. ते कडं परत हलवायचं नाही, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी वाट्या आत दाबून घ्या. आठ वर्षांचं पोर दहा मिनिटांत शिकतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देऊ नका. ते कंटाळतं आणि त्याचं डोळ्यांनी बघणंही राहतं.

खाणं. बोटीत फक्त पाणी. डबा केंद्रावर परत आल्यावर. निघण्यापूर्वी मात्र पोट रिकामं नको आणि गच्चही नको. मऊ भात-मेतकूट किंवा उपमा थोडासा, चहा अर्धा कप. रिकाम्या पोटी बोटीत जास्त ढवळतं. डब्यात थालीपीठ, दशमी, गुळाची पोळी असं कोरडं, टिकणारं. दह्याचं काही नको, उन्हात आंबतं. कोकमाचं सरबत एका बाटलीत.

फरसाण आणि शेव बॅगेत ठेवूच नका. ती बॅगेत असली की कोणीतरी कुरव (सीगल) पक्ष्यांना टाकतंच. कुरव हवेतल्या हवेत शेव झेलतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात मीठ आणि तळलेलं बेसन जातं. अभयारण्यात कोणत्याही पक्ष्याला काहीही खायला घालायचं नाही.

*तपासा :* झोपण्यापूर्वी रेल्वेची मेगाब्लॉकची सूचना बघा. रविवारी ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाण्याहून वाशी-नेरुळकडे जाणाऱ्या मार्गावर, ब्लॉक असेल तर सकाळची भरती हातची जाते.

टप्पा ६ : सकाळी निघणं

वेळ मागून मोजत या. फेरी सव्वाआठची आणि हजेरी अर्धा तास आधी, म्हणजे पावणेआठला केंद्रावर. ऐरोली स्टेशनहून रिक्षा मिळणं आणि पोचणं याला पंचवीस मिनिटं सोडा. म्हणजे सव्वासातला ऐरोली स्टेशनवर.

ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाड्या फलाट ९ आणि १० वरून सुटतात. दिघा गाव, मग ऐरोली, दहा-बारा मिनिटांचा प्रवास. वाशी-नेरुळकडून येताना घणसोली, रबाळे, मग ऐरोली. सकाळी गाड्यांची संख्या कमी असते, म्हणून एक गाडी चुकली तरी चालेल अशी आधीची गाडी धरा.

मुलुंडकडून गाडीनं येणाऱ्यांना ऐरोली पुलावरून यायचं. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही.

*सावधान :* केंद्राच्या पत्त्यात 'दिवा' हा शब्द येतो. तो ऐरोलीतला दिवा, खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. मध्य रेल्वेचं दिवा जंक्शन नव्हे, आणि बेलापूरचं दिवाळे गावही नव्हे. रिक्षावाल्याला 'खाडीवरचं फ्लेमिंगोचं केंद्र' असं सांगितलं की बहुतेकांना कळतं.

टप्पा ७ : पोचल्यावरचा क्रम

बहुतेक जण पोचल्या पोचल्या दालनं बघत सुटतात आणि बोटीच्या हाकेला धावपळ होते. क्रम असा ठेवा : स्वच्छतागृह, नोंदणी, जॅकेट, बोट, डबा, दालनं, आणि सगळ्यात शेवटी तिवरांतली लाकडी पायवाट. पायवाट शेवटी का, ते पुढे सांगते.

स्वच्छतागृहात सगळ्यांनी जायचं. 'मला नाही लागली' म्हणणाऱ्या मुलानंही. या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

जॅकेट घातल्यावर मुलाच्या खांद्यांवरचे पट्टे धरून हलकेच वर उचला. जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं तर ते ढिलं आहे किंवा मोठं आहे. पट्टे आवळा, तरीही सरकत असेल तर लहान माप मागा. फोटोसाठी जॅकेट काढायचं नाही, कोणीच नाही.

बोटीत चढताना हातात काही नको. पिशवी आधी आत द्या, मग बोटीवरच्या माणसाचा हात मनगटाजवळ धरा, एक पाऊल आत, लगेच बसा. आजी-आजोबांना मधल्या जागी बसवा. तिथे हेलकावा कमी लागतो. मुलं कडेला, पण प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस. ढवळणाऱ्या माणसानं मोबाइल बघायचा नाही, लांबच्या काठावर नजर ठेवायची.

टप्पा ८ : बोटीत, पक्ष्यांसमोर

लांबून पहिल्यांदा दिसते ती फिकट गुलाबी रेघ. मुलं म्हणतात, 'एवढंच?' थांबा. बोट सावकाश जवळ जाते आणि रेघेचे पाय दिसायला लागतात.

दोन प्रकारचे रोहित इथे असतात. लहान रोहित संख्येनं जास्त, उंचीनं कमी, रंगानं गडद, आणि त्याची चोच काळपट-लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित उंच, रंगानं जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. म्हणून चोच बघून ओळखा. रंगावर जाऊ नका, कारण लहान रोहिताची पिल्लंही राखाडी-मातकट असतात. थव्यात 'मळलेले' पक्षी दिसले की ती पोरं समजायची. गुलाबीपणा खाण्यातून येतो आणि वयाबरोबर चढतो.

मुलांना विचारायला लावायचा प्रश्न : हा डोकं उलटं का करतो? रोहित चोच पाण्यात उलटी धरतो, त्यामुळे वरची चोच खाली येते. जीभ पंपासारखी पुढे-मागे करून तो पाणी आत ओढतो आणि बाहेर फेकतो. चोचीच्या आत कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यांत शेवाळ आणि सूक्ष्म जीव अडकतात. घरी गाळणीत चहा गाळताना हे पुन्हा दाखवा, लगेच कळतं.

आता अंतराबद्दल. बोटवाल्याला 'अजून जवळ घ्या ना' म्हणू नका. किती जवळ हे पक्षी सांगतात. डोकी खाली आहेत, चरणं चालू आहे, तोवर ठीक. पाच-दहा माना एकदम वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेला चालायला लागले, की आपण जास्त जवळ आलो. तेव्हा स्वतःहून सांगा, 'थोडं मागे घ्या.' बोटवाल्यांनाही असं सांगणारी माणसं आवडतात. इंजिन बंद करून बोट दहा मिनिटं नुसती वाहू द्यायला सांगा. हजारो पक्ष्यांचं एकत्र गुरगुरणं, बदकासारखं कलकलणं तेव्हाच ऐकू येतं. माझ्या भाचीला आजही तोच आवाज आठवतो, फोटो नाही.

*सावधान :* थवा उडावा म्हणून टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या नकोत. उडताना पंखांखालचा लाल-काळा रंग सुंदर दिसतो, मान्य. पण या पक्ष्यांना चरायला दिवसात मोजकेच तास मिळतात, पाणी त्यांना तेवढेच देतं. तुमच्या व्हिडिओसाठी त्यातली वीस मिनिटं गेली तर ती परत येत नाहीत. ड्रोनला अभयारण्यात परवानगी नाही.

फोटोचं म्हणाल तर मोबाइलचा झूम ओढून काढलेला पक्षी म्हणजे गुलाबी डाग. झूम न करता रुंद फोटो घ्या, ज्यात खाडी, पूल, थवा आणि घरच्यांच्या पाठी दिसतील. एक फोटो, मग फोन खिशात.

रोहित बघून झाले की नजर काठावर फिरवा. लाल लांब पायांचा शेकाट्या, वाकड्या चोचीचा शराटी, शेपटाजवळ गुलाबी पिसं असलेला चित्रबलाक, खांबावर पंख पसरून वाळवणारा पाणकावळा, तिवराच्या फांदीवरचा खंड्या. मुलांना सगळ्यांची नावं सांगत बसू नका. प्रत्येकाला एक पक्षी वाटून द्या आणि तो कोणी आधी शोधतो ते बघा.

टप्पा ९ : डबा, दालनं, आणि मग पायवाट

उतरल्यावर आधी हात धुवा, डबा खा. मग दालनं. कांदळवन, खेकडे, मासे, खाडीतले जीव यांची माहिती तिथे मांडलेली आहे. नुकतं डोळ्यांनी बघून आल्यामुळे मुलं स्वतःहून वाचतात. आधी दालन आणि मग बोट असं केलं तर ती भिंतीसमोरून नुसती पुढे सरकतात.

तोवर भरती उतरायला लागलेली असते, आणि म्हणूनच पायवाट शेवटी ठेवायची. भरतीनंतर दोन-अडीच तासांनी तिवरांखालचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर जीव बाहेर येतात. निवट्या परांवर सरकत, उड्या मारत चिखलावर फिरतात. मासा असून पाण्याबाहेर! एक नांगी प्रचंड मोठी असलेले छोटे खेकडे बिळाशी उभे राहून ती नांगी हलवतात. ते फक्त नर. मादीच्या दोन्ही नांग्या लहानच.

पाऊल वाजवलं की सगळे बिळात जातात. म्हणून चालायचं नाही, एका जागी उभं राहायचं. मनात दोनशे मोजा. शंभराच्या आसपास पहिला खेकडा बाहेर येतो, मुलांचा श्वास रोखलेला असतो. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या दाखवा. त्या तिवराच्या श्वास घेणाऱ्या मुळ्या. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येतात. तिवराच्या पानावर उन्हात चमकणारं मीठही दिसतं. पान तोडायचं नाही, वाकून बघायचं.

*तपासा :* परतताना पिशव्या मोजा, बाटल्या मोजा, डब्यांची झाकणं मोजा. खाडीत गेलेलं प्लॅस्टिक पुढच्या भरतीला याच मुळ्यांत अडकतं.

फेरी रद्द झाली तर

दाट धुकं, जोराचा वारा, बोटीचा बिघाड, काहीही होऊ शकतं. धक्क्यावर वाद घालून वेळ घालवू नका. भरती चालू आहे, म्हणजे काही पक्षी नेरुळच्या पाणथळ जागांवर बसायला गेलेले असू शकतात. ट्रान्स हार्बरनं नेरुळ, तिथून पुढचं सीवूड्स-दारावे. ऐरोलीला भरतीच्या आधी अर्ध्या तासात निर्णय घेतला तरच हे साधतं. ओहोटी लागली की ते पुन्हा खाडीत परततात. तिथे बोट नाही, काठावरूनच बघायचं, बांधाखाली उतरायचं नाही. आजी-आजोबा दमले असतील तर नेरुळ सोडा. केंद्रातली दालनं आणि पायवाट करून घरी जा, बोटीची तारीख बदलून घ्या.

घरी आल्यावर

दुर्बिणीच्या काचेवर खारं बाष्प बसलेलं असतं. शर्टाच्या टोकानं घासू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकून किंवा मऊ ब्रशनं कण झटका, मग ओलसर मऊ कापड, मग कोरडं. शेजाऱ्यांची असेल तर त्याच संध्याकाळी परत द्या.

मग कालनिर्णयमधल्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं दोन गोष्टी लिहा : प्रत्यक्ष पाणी किती वाजता भरलं, आणि पक्षी कोणत्या काठाला होते. वर्ष संपलं तरी ते पान फाडून ठेवा. माझ्याकडे अशी चार पानं आहेत, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. यंदा कोणत्या एकादशीला जायचं ते मी त्यांच्याकडे बघूनच ठरवलं.